उत्तर राहिले, उपपत्ती हरवली

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे बसणाऱ्या भाविकाला ज्ञानदेवांचे अद्वैत संतांचा वारसा म्हणून ठाऊक असते, स्वामींच्या अभंग ज्ञानेश्वरीने ते त्याच्या ओठी आणलेले असते. पण याच सह्याद्रीच्या आश्रयाने, ज्ञानेश्वरीच्या (१२९०) आधी शतकाहून अधिक काळ, एका गणितज्ञाने निर्विकार अनंताला हात घातला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याला संख्यांच्या पंक्तीत बसवले. शून्याने भागलेल्या राशीचा गुंता मात्र सुटला नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात तिला खहर म्हटले आणि सांगितले की तीत कितीही मिळवा वा वजा करा, ती ढळत नाही, जसा सृष्टीच्या उत्पत्तिप्रलयात अच्युत ढळत नाही. ॲरिस्टॉटलने अनंताला केवळ न संपणारी वाढ म्हणून मान्यता दिली होती. इथे अनंत हीच एक राशी ठरली, आणि वेदान्त्याला नेति नेति म्हणून जे सुचवावे लागे, त्याला बीजगणितात जागा मिळाली. आजच्या काटेकोर गणिताला ही मांडणी पटणार नाही. तरीही तिच्यामागचे धाडस तत्त्वचिंतकाचेच.

भास्करीय ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने पाटणला मठ स्थापला, १२०७ च्या सुमारास त्याला दाने मिळाली; मठ लयास गेला, शिलालेख उरला. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या ग्रहलाघवात ज्या-चापांचा खटाटोप टाळून पंचांगाचे गणित सोपे केले आणि १५४५ मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवरील बुद्धिविलासिनी या टीकेत रीतींच्या उपपत्ती दिल्या. पंचांगकर्त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पहिला ग्रंथ घोकला. दुसरा बासनातच राहिला. १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टके नव्याने रचली. छत्र्यांचे शिष्य, रत्नागिरीत जन्मलेले टिळक, गीतारहस्यात (१९१५) भाष्यकारांकडे पुन्हा उपपत्तीच मागतात. नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासणारे गोव्याचे दामोदर कोसंबी हीच मागणी घेऊन इतिहासाकडे, आणि गीतेकडेही, वळतात. दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी, पण शिस्त गणिताची.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे, आणि शून्य आम्ही दिले ही घोषणा आता वर्गावर्गांत पोचेल. बुद्धिविलासिनी १९३७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने छापली, म्हणजे बासनाची सबबही उरलेली नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ती उघडावी, आणि खहराच्या मांडणीत भास्कराचार्य नेमके कुठे चुकले, हा प्रश्न परीक्षेत घालावा.