मालकापर्यंत वाईट बातमी किती लवकर पोचते?

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात माझा दवाखाना आहे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी एका छोट्या वर्कशॉपचे मालक आपल्या गाडीतून एका कामगाराला घेऊन धावत आले. पॉवर प्रेसमध्ये त्याची उजव्या हाताची दोन बोटे सापडली होती. रक्तस्राव थांबवून आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. मधले बोट वाचले, तर्जनीची दोन पेरे गेली. मुलगा परभणीकडचा, वय जेमतेम चोवीस.

त्याला पाठवल्यावर मालक बाहेरच्या बाकावर डोके धरून बसले. ‘डॉक्टर, या पोराला मी भावासारखं वागवतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाला उचल दिली, दिवाळीला कधी हात आखडता घेतला नाही.’ ते खोटे बोलत नव्हते.

पुढे ड्रेसिंगला तो मुलगा माझ्याकडेच यायचा. एकदा सहज विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘प्रेस आठ दिवसांपासून डबल ठोका मारत होता. आदल्या दिवशी माझाच हात थोडक्यात वाचला.’ मग सांगितले का नाहीस? ‘मागच्या महिन्यात एकानं मशीनचा आवाज येतोय म्हणून बंद केलं, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, काम करायचं नसलं की मशीनलाच आवाज येतो.’

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये क्लचची चावी झिजली किंवा ब्रेक सैल झाला की पेडल एकदाच दाबले तरी वरचा भाग दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. पहिल्या ठोक्यानंतर तयार पीस काढायला कामगाराचा हात आत गेलेला असतो, आणि तेव्हाच दुसरा ठोका बसतो. हा दोष अचानक उपटत नाही. त्याआधी तो खुणा देतो आणि त्या खुणा मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी कळतात. इथेही त्या कळल्या होत्या. मशीनपासून मालकाच्या टेबलापर्यंतचे वीस पावलांचे अंतर मात्र आठ दिवसांत कापले गेले नाही.

लघुउद्योजकांसाठी नेतृत्वाची शिबिरे आता तालुक्याच्या गावीही होतात. आत्मविश्वास, बोलण्याची ढब, मोठे स्वप्न पाहणे यांवर तिथे भर असतो. त्याला माझा विरोध नाही. पण दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात मालक चांगला नेता आहे की नाही हे ठरवायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो : वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोचते? हा प्रश्न मी व्यवस्थापनाचा जाणकार म्हणून विचारत नाही. उत्तर चुकले की त्याचा परिणाम माझ्या टेबलावर येतो, म्हणून विचारतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला. ज्या चमूचे नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे औषधे देण्यातल्या चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. हाती आलेले आकडे उलटे होते. चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या, इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. चूक, शंका किंवा अज्ञान बोलून दाखवले तर आपला पाणउतारा होणार नाही, या विश्वासाला पुढे ‘मानसिक सुरक्षितता’ हे नाव रूढ झाले. ‘माझ्याकडे काही तक्रारच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मालकाने हा अभ्यास लक्षात ठेवावा.

गप्प राहण्याचा परिणाम फक्त बोटांवर होत नाही. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही हा फरक पूर्णपणे मिटत नव्हता. मायकेल मार्मॉट यांच्या पुढाकाराने 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एक महत्त्वाचा धागा हाती लागला. आपल्या कामावर आपले नियंत्रण कमी असणे, म्हणजे काम कसे करायचे, कधी थांबायचे याबाबत काहीच न चालणे, याचा हृदयविकाराशी संबंध दिसला. कामाचा ताण सगळ्यांनाच असतो. पण ज्याचे काहीच चालत नाही, त्याच्या शरीराला तो ताण जास्त महाग पडतो.

यावर मालकांचे म्हणणे मला पाठ आहे. ‘डॉक्टर, तुम्हाला काय जातंय बोलायला? बँकेचा हप्ता पाच तारखेला, मोठ्या कंपनीचं पेमेंट तीन महिन्यांनी. डिस्पॅच चुकला तर ऑर्डर दुसऱ्याकडे. आवाज चढवला नाही तर कोणी हलत नाही.’ यातली अडचण खरी आहे. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावेत, असा कायदा 2006 पासून आहे. तरी थकलेल्या बिलांची चिंता घेऊन येणारे उद्योजक मी दर आठवड्याला तपासतो. त्यांचा रक्तदाब आणि साखर याची साक्ष देतात. वरून आलेला दाब माणूस खाली ढकलतो, हे समजण्यासारखे आहे.

पण आवाज चढवल्याने कामगार सावध होतो, हा समज चुकीचा आहे. तीव्र ताणाखाली मेंदूची एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवण्याची आणि सारासार विचार करण्याची क्षमता घटते. घाबरलेला माणूस हात भरभर चालवेल, पण त्याचे अर्धे लक्ष साहेबांच्या केबिनकडे असेल. प्रेसवर बसलेल्या माणसाचे लक्ष तिकडे असणे कोणालाच परवडणारे नाही.

मालकाच्या स्वतःच्या झोपेचाही इथे संबंध येतो. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले, की सलग सतरा तास जागे राहिल्यावर हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यावर बिघडावा तितका बिघडतो. आपल्याकडे वाहनचालकासाठीची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. पहाटे साडेपाचला उठणारा मालक रात्री साडेदहाला त्या अवस्थेला पोचलेला असतो. नेमक्या त्याच वेळी सुपरवायझरचा फोन येतो, ‘साहेब, प्रेस जरा गडबड करतोय, चालवू का?’ अशा वेळी ‘चालव, सकाळी बघू’ म्हणणे सर्वांत सोपे असते. म्हणून याचे उत्तर दिवसा, शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवावे : मशीनची शंका आली की मशीन बंद, मला विचारायची गरज नाही.

मग करायचे काय? रोज शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटे सगळ्यांनी उभे राहावे. ‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ‘नाही साहेब’ हेच येते. ‘काल कुणाचा हात थोडक्यात वाचला?’ असे विचारावे. उत्तर आले की तोंडातून पहिले वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच निघाले पाहिजे; मागचे-पुढचे हिशेब नंतर. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत बोलावतो, आणि तो वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे दोरी नसली तरी लाल बटण असते. मात्र ते दाबल्यावर बुडालेल्या वेळेचे पीस-रेटचे पैसे कापले, तर उद्या कोणी ते दाबणार नाही.

याचा अर्थ शिस्त सोडा असा नाही. जाणूनबुजून सेफ्टी गार्ड काढणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण त्याने तो का काढला, हेही विचारावे. गार्ड लावून दिवसाचे टार्गेट पुरे होतच नसेल, तर चूक टार्गेट लावणाऱ्याचीही आहे.

ते मालक मध्यंतरी रक्तदाब तपासायला आले होते. त्यांनी वर्कशॉपमध्ये एक फळा लावला आहे. ज्याचा हात थोडक्यात वाचला, त्याने तिथे लिहायचे. पहिला आठवडा फळा कोराच राहिला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचीच एक चूक लिहिली. तिसऱ्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. ‘घाबरलोच डॉक्टर,’ ते म्हणाले. ‘एवढं सगळं आधीही होतच असणार. मला कोणी सांगत नव्हतं.’

तो मुलगा अजून त्यांच्याकडेच आहे, तपासणीच्या टेबलावर. आता लिहायला डावा हात वापरतो.