आधी आमच्या नौकांवर चालवून बघा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. आता डिझेलचा नंबर आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरलेलं आहे. त्याला विरोध नाही. पण जी चर्चा ऐकतो ती सगळी ट्रक आणि गाड्यांची. सर्जेकोट, देवगड, निवतीच्या नौकांचं काय?

आपल्याकडे बऱ्याच नौकांत अजून जुनी, मेकॅनिकल पंपाची इंजिनं आहेत. ती डिझेल जास्त पितात, धूर सोडतात, हे मान्य. नव्या कॉमन रेल इंजिनात दीड-दोन हजार बार दाबाने बारीक छिद्रांतून डिझेल फवारलं जातं, म्हणून ते नीट जळतं. पण त्याचमुळे त्याला डिझेलमधलं पाणी आणि कचरा अजिबात चालत नाही, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. जुन्याने हवा धरली तर पान्याने लाईन मोकळी करायची नि पुढे निघायचं.

म्हणून जुनं इंजिन काहीही पचवतं असं नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. आपल्या किनाऱ्यावरच्या उंडीचं कडू तेल पूर्वी दिव्यात जळायचं, तेही खरं. पण असं दाट तेल थेट टाकीत ओतलं तर नोझल कोंडतं, पिस्टनवर कार्बन धरतो. प्रक्रिया करून त्याचं बायोडिझेल केलं की हा त्रास बराच कमी होतो. तरी ते हवेतला ओलावा ओढतं, जुन्या टाकीच्या तळाचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये नेतं, आणि प्रमाण वाढलं तर जुने रबरी पाईप मऊ पाडतं.

रस्त्यावर फिल्टर चोकअप झाला तर गाडी बाजूला घेता येते. एका तांडेलाला हे सांगितलं तर म्हणाला, "दर्यात बंद पडला तर धक्को मारूक कोण येतलो?"

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर असतात. मत्स्य विभागाने आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तेव्हा चार-पाच जुनी इंजिनं इथेच चालवून बघावीत. तासाला किती लिटर लागलं, फिल्टर किती वेळा बदलावा लागला, ते बंदरावर लिहून लावावं. टाकी धुणं, पाईप बदलणं हा खर्च कोणाच्या खिशातून, तेही सांगावं. आणि डिझेलवरचा कर परतावा, ज्यासाठी मच्छीमार आधीच खेटे घालतात, तो या मिश्रणावर तसाच मिळणार का?