तज्ज्ञाला आधी गोष्ट सांगू नका

गेल्या वर्षी रेडिंगच्या आमच्या घरी न्यायालयाचं पत्र आलं. ज्युरी म्हणून हजर राहा. सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं, तर ते एकदम गंभीर झाले. "समन्स? काय केलंस रे?" इथे मतदारयादीत नाव असलं आणि पाच वर्षं राहणं झालं असलं, की भारतीय पासपोर्टवाल्यालाही बोलावतात, हे त्यांना पटायला दोन फोन लागले.

ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे, म्हणून त्या खटल्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. पण तोवर माझं फॉरेन्सिकचं ज्ञान 'सीआयडी'तल्या डॉ. साळुंकेंपुरतं होतं. अहवाल आला, विषय संपला! नंतर उत्सुकतेने वाचायला लागलो आणि एका जुन्या प्रकरणाशी अडखळलो.

मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटरच्या पिशवीवर बोटाचा ठसा सापडला. अमेरिकेच्या एफबीआयने तो ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. स्पेनचे पोलीस जुळत नाही म्हणत होते, तरी त्यांचे तज्ज्ञ हटले नाहीत. कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही 'हाच' म्हटलं. शेवटी स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं, तेव्हा वकील दोन आठवड्यांनी सुटला. सरकारने माफी मागून २० लाख डॉलर दिले.

पहिल्या तज्ज्ञाला हा वकील कोण, कुठल्या धर्माचा, हे ठाऊक नव्हतं. पण पडताळणी करणाऱ्याला पहिल्याने जुळवलंय हे ठाऊक होतं. आणि वकिलाने इस्लाम स्वीकारलाय, हे पुढे कळल्यावर चूक मान्य करणं आणखी जड गेलं. चौकशी अहवालानेच हे नोंदवलं आहे.

मग मानसशास्त्रज्ञ इतिएल ड्रोर यांनी एक प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी 'जुळतात' म्हटलेले ठसे पुन्हा दिले, पण ही तीच माद्रिदची चुकलेली जोडी आहे असं सांगून. एकच जण आपल्या जुन्या मतावर राहिला. तिघांनी 'जुळत नाहीत' म्हटलं, एकाने ठरवता येत नाही म्हटलं. ठसे तेच, डोळे तेच. बदलली होती फक्त सोबतची गोष्ट.

मला यात फारसं नवल वाटलं नाही. आमच्याकडे कुणी सीनियर 'डेटाबेसचा घोळ आहे' असं म्हणाला, की दोन दिवस सगळे डेटाबेसच खणतात. चूक भलतीकडे असते. फरक इतकाच, की आमच्या चुकीने कुणी तुरुंगात जात नाही. (तसंही झालेलं आहे म्हणा. इथल्या पोस्ट ऑफिसच्या हॉरायझन सॉफ्टवेअरने शेकडो पोस्टमास्तरांना चोर ठरवलं. पण तो वेगळा लेख.)

भारतात १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे. पोलिसांनी मारून कबुली घेण्यापेक्षा केव्हाही बरं. 'नार्को करा, खरं बाहेर येईल' म्हणणारे माझ्याही नात्यात आहेत; संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

पण नमुना कलिनाच्या प्रयोगशाळेत जातो, तेव्हा सोबतच्या पत्रात गुन्ह्याची हकिकतही जाते. व्हिसेरा तपासणाऱ्याला लक्षणं कळायला हवीत, मान्य. ठसा किंवा हस्ताक्षर जुळवणाऱ्याला मात्र आरोपी कोण, पोलिसांना काय वाटतं, हे कळायची गरज काय? ती माहिती एका वेगळ्या अधिकाऱ्याकडे ठेवावी आणि दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं उत्तर दाखवूच नये. याला नवं यंत्र लागत नाही, एक पाकीट लागतं.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते गणिताचे शिक्षक, निवृत्त. म्हणाले, "अरे, त्यात नवीन काय? आम्ही बोर्डाचे पेपर तपासायचो, तेव्हा मुलाचं नाव कुठे असायचं त्यावर?"