‘पुढं काय झालं?’ विचारू द्या की

“चित्र वाचायचं नसतं, अनुभवायचं असतं.” हे वाक्य मी इतक्या प्रदर्शनांत ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी चहा प्यायला बाहेर जातो. चित्रात गोष्ट शोधणारा माणूस अडाणी, असा त्याचा सरळ अर्थ. हा शेरा आपला नव्हेच. इंग्रज समीक्षक क्लाइव्ह बेल यानं १९१४ साली ‘आर्ट’ या पुस्तकात फ्रिथच्या पॅडिंग्टन स्टेशनच्या चित्राला कलाकृती मानायलाच नकार दिला. तो उसना तोरा आपण अजून मिरवतोय.

डब्ल्यू. एफ. यीम्सचं १८७८चं चित्र फोनवर शोधा. नावच प्रश्न आहे: ‘वडिलांना शेवटचं कधी पाहिलंस?’ सतराव्या शतकातलं इंग्लंडचं यादवी युद्ध, राजाच्या बाजूचं घर, चौकशीला बसलेले संसदेचे लोक. निळ्या कपड्यातला पोरगा टेबलासमोर ताठ उभा. मागं बहीण रडतेय. विचारणारा ओरडत नाही, उलट मायेनं पुढं झुकलाय, आणि भीती वाटते ती त्याचीच. पोरगं खरं बोललं तर बापाचं काय? यीम्स सांगत नाही. मग आपण चेहरे बघतो, हात बघतो, कोण कुणाकडं बघतंय ते बघतो. गोष्टीनं नजर कामाला लागते.

आळशी होते ती गोष्ट आधीच ठाऊक असली की. मी आटपाडीचा. आमचा तालुका औंध संस्थानातला, त्यामुळं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं औंधचं संग्रहालय जवळचं. राजा स्वतः चित्रकार, चित्ररामायण काढणारा. पण तिथल्या पौराणिक चित्रांपुढं लोक बघा. कोण देव, कोण राक्षस, ओळख पटली की पुढं चला. पाच सेकंद.

जॉन कॉलियरच्या १९०५च्या ‘द चीट’मध्ये पत्त्यांचा डाव आहे, कुणीतरी लबाडी केलीय. कुणी? यावर वर्तमानपत्रांत तर्क रंगले. (कॉलियर काही थोर चित्रकार नव्हे, कबूल.)

आणि व्यंकटेश माडगूळकर ज्या माणदेशातले, ते चित्रंही काढायचे, तिथल्या माणसाला ‘गोष्ट म्हणजे हलकं काम’ असलं काही शिकवू नका.

सिनेमा संपला की लगेच ‘एंडिंग एक्सप्लेन्ड’ लावणारेही मला त्याच टोळीतले वाटतात. एक म्हणतो गोष्ट शोधू नको, दुसरा म्हणतो तयार घे. तुम्ही स्वतः डोकं लावलेलं दोघांनाही नकोय.

यीम्सचं चित्र मी आमच्या ग्रुपवर टाकलं, नाव न सांगता. एकजण म्हणाला, पोरगा सगळं सांगणार. एकीनं त्याचा चेहरा झूम करून पाठवला: “ह्यो? ह्यो न्हाय सांगत.” रात्री साडेबारापर्यंत भांडण चाललं होतं.