यादी आणि चौकट

संगणक व मोबाईल यांच्या पडद्यावर मनुष्याची इच्छा जाणून घेण्याच्या दोन रीती विशेष रूढ आहेत. एक मेनू, म्हणजे पर्यायांची यादी. दुसरी डायलॉग बॉक्स, म्हणजे मध्येंच उभी राहून प्रश्न करणारी चौकट. यादी आपण होऊन उघडावी, न्याहाळावी, व कांहीं न निवडतां मिटावी. काम अडत नाहीं. चौकट बहुधा उत्तर घेतल्यावांचून वाट सोडीत नाहीं. आम्ही यादीच्या पक्षाचे आहों. पंगतींत घासागणिक ‘वाढूं कां?’ म्हणून विचारणारा यजमान कितीही प्रेमळ असला, तरी जेवण होऊं देत नाहीं.

ॲपल कंपनीनें १९८३ सालीं ‘लिसा’ व १९८४ सालीं ‘मॅकिंटॉश’ हे संगणक विक्रीस आणले. मॅकिंटॉशच्या याद्यांत एक सुरेख संकेत होता : जो पर्याय निवडला असतां चौकट उघडून आणखी माहिती विचारणार, त्याच्या नांवापुढें तीन टिंबें असत. दार लोटण्यापूर्वींच आंत कोणी बसलें आहे हें कळे. लिसाच्या जडणघडणीच्या काळची गोष्ट तर संस्कृताच्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी आहे. तिच्या चौकटींत होकाराच्या बटनावर ‘डू इट’ असे शब्द होते. त्यांतील अंतर इतकें थोडें कीं, चाचणीस बसविलेल्या एकानें ते ‘डोल्ट’, म्हणजे मूर्ख, असे वाचले व तो रागावला. पदच्छेद चुकला कीं असें होतें! तेव्हां तेथें ‘ओके’ आलें.

परंतु ‘ओके’ कशास म्हणावयाचें, हा प्रश्न राहिलाच. ‘तिकीट रद्द करावयाचें काय?’ असें विचारून खालीं ‘ओके’ व ‘रद्द’ अशीं दोन बटनें ठेवलीं, तर ‘रद्द’ दाबल्यानें तिकीट रद्द व्हावयाचें, कीं रद्द करणेंच रद्द व्हावयाचें? ‘तिकीट रद्द करा’ व ‘तिकीट राहूं द्या’ इतकें लिहिण्यास शाई कितीशी लागते?

जें मागाहून परत फिरवितां येतें, तेथें चौकट नसावीच. धाडलेलें पत्र कांहीं सेकंदांच्या आंत परत घेण्याची जीमेलमधील सोय २०१५ सालीं प्रयोगावस्थेंतून बाहेर आली. ‘खरेंच धाडूं काय?’ असें प्रत्येक पत्रास विचारण्यापेक्षां ही रीत शहाणपणाची.

चौकट राखून ठेवावी ती पैशासाठीं. यूपीआयनें एकदां गेलेली रक्कम आपली आपण परत ओढतां येत नाहीं. पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. तरी ‘पैसे मिळतील, पिन घाला’ असें ठगानें फोनवर सांगतांच घरांतील वडील मंडळी तो घालतात, आणि मागाहून आपण त्यांच्या भोळेपणास बोल लावतों. वास्तविक दिवसभर ‘परवानगी द्या’, ‘मान्य आहे’ असल्या निरर्थक चौकटींस होकार देऊन देऊन त्यांच्या बोटास तेंच वळण लागलेलें असतें. दहा चौकटी न वाचतां दाबणारें बोट अकरावीपाशीं थांबेल कशास? ह्या एका चौकटींत रक्कम धनादेशाप्रमाणें अंकीं व अक्षरीं असावी, घेणाऱ्याचें नांव ठळक असावें, आणि बटनावर ‘ओके’ नव्हे, तर ‘माझ्या खात्यांतून पैसे जाऊं द्या’ असें स्वच्छ मराठींत लिहिलेलें असावें.