ऑस्करचं पाचवं नाव ‘एआय’ला का सापडत नाही?

जानेवारी आला की रील्समध्ये एक ठरलेला प्रकार सुरू होतो. अभिनेत्रीचा फोटो, खाली ‘नामांकनाची शक्यता ९२%’ आणि कोपऱ्यात ‘एआयचा अंदाज’. आयपीएलच्या मॅचमध्ये स्क्रीनवर विन प्रेडिक्टर येतो ना, तसाच हा आकडा दिसतो. पण क्रिकेटच्या मॉडेलकडे ढिगाने सामन्यांचा, प्रत्येक चेंडूचा डेटा असतो. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री विभागात वर्षाला नामांकनं फक्त पाच. दहा वर्षांची जमवली तरी ५०.

मग मॉडेल शिकतं कशावरून? मुख्यतः ऑस्करच्या आधी येणाऱ्या याद्यांवरून: गोल्डन ग्लोब, बाफ्टा, क्रिटिक्स चॉइस आणि स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड, म्हणजे सॅग. यात सॅगला जास्त वजन असतं, कारण तिथे कलाकारच कलाकारांना मत देतात. मी २०२१ ते २०२५ च्या याद्या शेजारी ठेवून मोजलं. सॅगच्या २५ नावांपैकी १८ ऑस्करच्या यादीत आली. म्हणजे काहीही डोकं न लावता सॅगची यादी कॉपी केली तरी ७२% बरोबर! त्यामुळे ‘आमच्या एआयने पाचपैकी चार ओळखल्या’ याने फार भारावून जाऊ नका. (बाफ्टाची गंमत वेगळीच. २०२२ मध्ये त्यांच्या सहा नावांपैकी एकही ऑस्करच्या पाचांत नव्हतं.)

गाडी अडते ती शेवटच्या एक-दोन नावांवर, आणि त्याचं कारण मतमोजणीत आहे. पदवीधर मतदारसंघाच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत ‘पहिल्या पसंतीची मतं’ आणि ‘कोटा’ हे शब्द तुम्ही बातम्यांत ऐकले असतील. इथेही साधारण तसंच. विजेती सगळे सदस्य मिळून निवडतात, पण नामांकनासाठी फक्त अभिनय शाखेचे सदस्य मत देतात. २०२३ मध्ये ते सुमारे १,३०० होते. पाच जागा असल्या की कोटा एक षष्ठांशाहून जरासा जास्त, म्हणजे सगळ्यांनी मत दिलं तरी २२० च्या आत. हजार जणांनी तुम्हाला चौथ्या क्रमांकावर लिहिण्यापेक्षा सव्वादोनशे जणांनी पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं केव्हाही चांगलं.

२०२३ मध्ये अँड्रिया राइजबरोचं हेच झालं. ‘टू लेस्ली’ची थिएटरमधली कमाई जेमतेम २७ हजार डॉलर, आणि सॅग, ग्लोब, बाफ्टा यांपैकी कुठेच नाव नाही. पण मतदानाच्या दिवसांत हॉलिवूडमधल्या बड्या कलाकारांनी तिच्यासाठी पोस्ट टाकल्या, शब्द टाकला. तिला नामांकन मिळालं. अकादमीने चौकशी केली, पण नामांकन कायम ठेवलं. दुसरीकडे डॅनिएल डेडवायलर आणि व्हायोला डेव्हिस यांची नावं सॅग आणि बाफ्टा दोन्हींकडे होती, तरी त्या बाहेर राहिल्या.

मला खटकतं ते यापुढचं. या दोघी कृष्णवर्णीय. २०२५ पर्यंतच्या ऑस्करमध्ये या विभागात जिंकलेली कृष्णवर्णीय अभिनेत्री एकच, २००२ साली हॅली बेरी. २०२३ चा निकाल पुढच्या मॉडेलमध्ये ‘डेटा’ म्हणून जातो. मॉडेलला वर्णाचा रकाना दिला नाही, तरी चित्रपटाचा विषय, बजेट, वितरक यांतून ते हाच धडा घेऊ शकतं: अशा नावांचा आकडा थोडा कमी धरा. आणि प्रचाराचे पैसे कोणावर लावायचे हे ठरवणारे लोकही असे अंदाज बघतातच की. आकडा कमी, म्हणून प्रचार कमी, म्हणून मतं कमी. मग मॉडेल म्हणणार, बघा, आमचं बरोबर आलं!

तेव्हा पुढच्या वेळी टक्के बघताना दोन गोष्टी शोधा. एक, त्याच मॉडेलने आधीच्या वर्षी निकालापूर्वी काय सांगितलं होतं. जुने निकाल दाखवून मागाहून ‘९५% अचूक’ म्हणणं सोपं असतं. दोन, आकड्याची तारीख. २०२५ मध्ये फर्नांडा टोरेस सॅगच्या यादीत नव्हती. पण ५ जानेवारीला तिने ग्लोब जिंकला, ८ तारखेला ऑस्करचं नामांकन मतदान सुरू झालं आणि ती पाचांत आली. ४ तारखेचा स्क्रीनशॉट २० तारखेला फिरत असेल, तर तो फॉरवर्ड करू नका.