फॉर्म्युला ओरडतोय? ओरडू द्या!



अ‍ॅरे फॉर्म्युला शिकवायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, एरर येतोय, घालवायचा कसा?" आज माझं मत स्पष्टच सांगतो. एरर घालवायचा नसतो, वाचायचा असतो. धंद्याचं नुकसान ओरडणारी चूक करत नाही, गप्प बसणारी चूक करते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. संगमनेर, राहाता, राहुरी, कुठेही जा, गावात दूध संकलन केंद्र असतंच. समजा तुम्ही असं केंद्र सुरू केलं आणि ६० शेतकरी तुमच्याकडे दूध घालतात. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाच्या १२० नोंदी. दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा म्हटलं की १२०० ओळी! प्रत्येक ओळीत लिटर वेगळे, आणि फॅट-एसएनएफप्रमाणे दरही वेगळा.

बहुतेक जण काय करतात? पहिल्या ओळीत लिटर गुणिले दर असा फॉर्म्युला लिहितात आणि खाली ओढत नेतात. म्हणजे १२०० फॉर्म्युले झाले. आता घाईगडबडीत कोणीतरी ४३७व्या ओळीत फॉर्म्युल्यावरच आकडा टाइप केला. शीट काही बोलेल का? सहसा नाही. फार तर कोपऱ्यात एक बारीक हिरवी खूण दिसेल, आणि ती कोण बघतंय! उद्या त्या ओळीतले लिटर दुरुस्त केले तरी रक्कम जुनीच राहणार. शेतकऱ्याचे पैसे कमी गेले, तर पारावर चर्चा तुमच्या काट्याची होणार, एक्सेलची नाही.

अ‍ॅरे फॉर्म्युला इथेच कामाला येतो. तो एकाच सेलमध्ये लिहायचा: लिटरचा अख्खा कॉलम गुणिले दराचा अख्खा कॉलम. उत्तरं आपोआप खाली पसरतात. गुगल शीट्समध्ये हाच गुणाकार 'अ‍ॅरेफॉर्म्युला' या फंक्शनच्या कंसात ठेवायचा. (फंक्शनची नावं टाइप करताना मात्र इंग्रजीतच करायची.) आता पसरलेल्या उत्तरांत कोणी मध्येच आकडा टाकला, तर नवीन एक्सेल लगेच '#स्पिल!' म्हणून ओरडतं आणि गुगल शीट्स '#रेफ!' दाखवतं. सगळी उत्तरं गायब होतात. लोकांना हा त्रास वाटतो. मला तो राखणदार वाटतो. वाटेतला आकडा काढला की उत्तरं जागच्या जागी परत येतात.

आता दुसरा प्रकार. संध्याकाळच्या पाळीला केंद्रावर बसणाऱ्या पोरानं लिटरच्या कॉलममध्ये '६.५ लि.' असं लिहिलं. आपल्याला तो आकडा दिसतो, पण शीटसाठी तो मजकूर आहे. गुणाकार केला की त्या ओळीत '#व्हॅल्यू!' येतं आणि खालच्या एकूण बेरजेतही तेच येतं. इथे बरेच जण 'इफएरर' लावून एररच्या जागी शून्य आणतात. शीट एकदम स्वच्छ दिसते! पण हिशेब काय झाला? दर ३२ रुपये धरला तर त्या शेतकऱ्याचे २०८ रुपये शून्य झाले. त्याच्या गायीनं दूध दिलं, तुम्ही ते डेअरीला पाठवलं, आणि पट्टीत मात्र शून्य. म्हणून माझं ठाम मत आहे: पैशाच्या कॉलममध्ये 'इफएरर' लावून शून्य आणू नका.

काही फंक्शन्स मुळातच गप्प बसणारी असतात, हेही लक्षात ठेवा. 'सम' हे फंक्शन कॉलममधला मजकूर सरळ सोडून देतं. 'समप्रॉडक्ट'मध्ये दोन कॉलम स्वल्पविरामानं दिले तर ते मजकुराला शून्य धरतं. दोन्हीकडे एरर नाही आणि बेरीज कमी! ही फंक्शन्स वापराच, पण शेजारी एक तपासणी ठेवा. लिटरच्या कॉलमवर 'काउंटए' लावलं की भरलेले सगळे सेल मोजले जातात, 'काउंट' लावलं की फक्त आकडे. दोघांत ३ चा फरक आला, तर ३ ठिकाणी आकड्याच्या जागी मजकूर आहे. फरक शून्य झाल्याशिवाय पगार काढायचा नाही.

एरर आला की घाबरू नका, या क्रमानं बघा:

१. '#स्पिल!' असेल तर उत्तर पसरायला जागा नाही. वाटेत काहीतरी लिहिलंय, नुसती स्पेससुद्धा असू शकते. मर्ज केलेले सेलही आडवे येतात. आणि कंट्रोल-टी दाबून केलेल्या टेबलच्या आत उत्तर पसरतच नाही, फॉर्म्युला टेबलबाहेर लिहा.

२. '#व्हॅल्यू!' असेल तर आकड्यात मजकूर शोधा.

३. '#एन/ए' असेल तर दोन्ही कॉलमची लांबी तपासा. लिटर १२०१व्या ओळीपर्यंत आणि दर १२००व्या ओळीपर्यंतच घेतला, तर शेवटच्या ओळीला जोडी मिळत नाही.

४. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचं असेल तर अ‍ॅरे फॉर्म्युला लिहून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबावं लागतं. मग फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस आपोआप येतात, ते हातानं टाइप करायचे नाहीत. नुसतं एंटर दाबलं तर कधी एरर येतो, तर कधी फक्त त्याच ओळीचं उत्तर. हे दुसरं जास्त धोक्याचं!

५. तरी सापडलं नाही, तर एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याचा तेवढाच भाग निवडून एफ-९ दाबा. त्या भागाचं उत्तर तिथेच दिसेल. बघून झालं की एस्केप दाबा, एंटर नाही. नाहीतर फॉर्म्युल्याच्या जागी आकडेच पक्के होतील.

कोणी म्हणेल, "सर, एवढं कशाला? रेडिमेड सॉफ्टवेअर मिळतं की." घ्या ना, परवडत असेल तर जरूर घ्या. पण त्याचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे तपासणार कोण? मालकाला पाच ओळी कॅल्क्युलेटरवर करून ताळा घेता आला पाहिजे. सॉफ्टवेअरवाला शेतकऱ्यासमोर उभा राहत नाही, तुम्ही राहता.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच जिल्ह्यात, प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यानं त्यात पैसा घातला तो विश्वासावर. तुमचं केंद्र लहान असेल, किराणा दुकान असेल, मसाल्याचा घरगुती उद्योग असेल, भांडवल तेच आहे: हिशेबावरचा विश्वास.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या शीटमध्ये 'इफएरर' शोधा. जिथे पैशाचा हिशेब आहे तिथून ते काढा आणि खालून कोणता एरर बाहेर येतो ते बघा. काहीच आलं नाही तर निवांत झोपा. आलं, तर पुढचा पगार काढायच्या आधी सापडलं, हे चांगलंच झालं!